इन्सुलिन तेच, डोस तोच; मग साखर वरखाली का?

प्रश्न : जेवण तेच, इन्सुलिनचा डोसही तोच. तरी साखर एक दिवस 110, तर दुसऱ्या दिवशी 260. डोस वाढवावा का?

उत्तर : आधी पोट चाचपून पाहा. बोटांना साबणाचं पाणी लावून नेहमी टोचता त्या जागेवरून हळूहळू फिरवा. मऊ त्वचेत मध्येच रबरासारखा घट्ट, फुगीर भाग लागला तर ती चरबीची गाठ. एकाच जागी पुन्हापुन्हा टोचल्याने ती होते, आणि तिथे दुखत नाही म्हणून हात नेमका तिथेच जातो! अशा गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा, कधी भराभर रक्तात उतरतं. तिथे टोचणं बंद करा. गाठ जिरायला काही महिने लागतात. पोटाचे चार भाग कल्पून दर आठवड्याला एक वापरा, दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवा, सुई दरवेळी नवी घ्या. मात्र चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.

प्रश्न : रात्री झोपताना साखर ठीक असते, सकाळी उपाशीपोटी वाढलेली. असं का?

उत्तर : दोन-तीन रात्री तीनचा गजर लावून तपासा. तीनला ठीक आणि सकाळी जास्त, तर पहाटे वाढणाऱ्या हार्मोन्समुळे यकृत साखर सोडतंय. तीनलाच 70च्या खाली असेल, तर रात्रीचा डोस वाढवणं घातक ठरेल. हे आकडे डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : साखर उतरून घाम फुटतो, हात थरथरतात तेव्हा चॉकलेट खाल्लं तर चालेल?

उत्तर : नको. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मीटरवर 70च्या खाली आकडा दिसला, की 15 ग्रॅम साखर (सुमारे तीन-चार सपाट चमचे) पाण्यात विरघळवून प्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर परत तेवढीच घ्या. मधुमेहावरची अकार्बोज नावाची गोळी चालू असणाऱ्यांनी साखरेऐवजी ग्लुकोजच घ्यावं. या गोळीमुळे साधी साखर लवकर पचत नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

प्रश्न : मीटरवर 210 आलं, पाच मिनिटांत 130. मीटर बिघडलं का?

उत्तर : बहुधा बोटाला फळाचा रस लागला असेल. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच टोचा.