डीस्टूल म्हणजे स्टूलावरून पाडणं नव्हे, पायउतार!

प्रश्न असा आलाय की घानाच्या बातम्यांत 'असांतेहेनेनं अमुक चीफला डीस्टूल केलं' असं असतं, त्याला मराठीत काय म्हणायचं, आणि असांतेहेने म्हणजे टोळीप्रमुखच ना?

आधी ते टोळीप्रमुख बंद करा. टोळी चोरांची असते नाहीतर टोळांची. असांते हा घानातला एक समाज, 'हेने' म्हणजे राजा, असांतेंचा राजा तो असांतेहेने, कुमासी शहरातल्या मान्हिया राजवाड्यात राहतो, विषय संपला. 'अशांती' हे इंग्रजांनी बिघडवलेलं स्पेलिंग आपण जसंच्या तसं उचललंय, आणि त्यावरून 'बघा, आफ्रिकेतसुद्धा संस्कृत' असले फॉरवर्ड फिरतात ते मला पाठवू नका. तिथले लोक नावाची फोड 'ओसा न्ती' म्हणजे 'युद्धामुळे' अशी सांगतात, म्हणजे अर्थानं अशांती थोडी जुळते हे खरं, पण तो निव्वळ योगायोग. केनिया-टांझानियाला सफारीला जाऊन आलेले 'असांते म्हणजे थँक्यू' सांगतात, तो स्वाहिली शब्द, अरबीतून आलेला, त्याचा इथे काही संबंध नाही.

आता स्टूल. एका मराठी चॅनेलवर 'राजाचं सोन्याचं स्टूल' ऐकलं तेव्हा टीव्ही बंद केला मी. आपल्याकडे स्टूलावर चढून माळ्यावरचे डबे काढतात आणि लॅबमध्ये स्टूल टेस्ट देतात! घानाच्या इंग्रजीत स्टूल म्हणजे गादी, म्हणजे बसायची वस्तूही आणि ती सत्ताही, आपण 'सातारची गादी', 'कोल्हापूरची गादी' म्हणतो अगदी तसंच. तिथल्या 1992 च्या राज्यघटनेत 'स्टूल लँड' असा शब्दच आहे, म्हणजे गादीची जमीन, आणि तिच्या उत्पन्नाचे वाटेसुद्धा घटनेत लिहून ठेवलेत. उत्तरेकडचे राजे तर कातड्यावर बसतात, म्हणून तिकडे 'एनस्किन' आणि 'डीस्किन' असे शब्द आहेत, त्याचं भाषांतर मराठी पेपरवाले काय करतील या विचारानंच अंगावर काटा येतो.

मुख्य गादी म्हणजे 'सिका द्वा कोफी'. सिका म्हणजे सोनं (आपल्या सिक्क्याशी नातं नाही, तो अरबी), द्वा म्हणजे बैठक, आणि कोफी कारण ती शुक्रवारी आली, शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचं नाव कोफी असतं, कोफी अन्नान आठवा. ओकोम्फो अनोक्ये नावाच्या पुरोहितानं ती पहिल्या ओसेई टूटूसाठी आकाशातून उतरवली अशी कथा, आणि सगळ्या असांतेंचा प्राण तिच्यात आहे अशी श्रद्धा. तिच्यावर कुणी बसत नाही, राजासुद्धा नाही! गादीवर येताना त्याला तिच्यावर वरखाली धरतात, पण अंग टेकू देत नाहीत. 1900 साली इंग्रज गव्हर्नर हॉजसननं 'ती मला बसायला का आणली नाहीत' असं भर सभेत विचारलं, आणि एजिसू गावच्या राणीमाता 'या असांतेवा' (हे पूर्ण नाव) युद्धाला उभ्या राहिल्या. बसायच्या एका वस्तूवरून युद्ध, आणि आपण तिला स्टूल म्हणायचं?

असो. डीस्टूलला शब्द काय? एका परिभाषावाल्या गृहस्थांनी 'आसनच्युत' सुचवलाय, दुसरे 'पदच्युत' वर ठाम आहेत. आसनच्युत ऐकून योगाच्या क्लासमध्ये कुणीतरी धडपडल्यासारखं वाटतं. पदच्युत चालेल, पण सरकारी फाईलचा वास येतो. अहो, मराठीत पायउतार पडून आहे ना! आणि तो इतका नेमका बसतो की हा शब्द कुमासीतच जन्मला असावा अशी शंका यावी.

बघा कसं. असांते राजाच्या किंवा चीफच्या पायात कायम जाड वहाणा असतात, गादीवर आहे तोवर त्याचा अनवाणी पाय जमिनीला लागता कामा नये, लागला तर दुष्काळ नाहीतर संकट येतं असं मानतात. कुठल्या चीफला काढायचं ठरलं की त्याच्या वहाणा उतरवतात. अनवाणी पाय मातीला लागला की संपलं, तो आता चीफ नाही. पूर्वी खालची बैठक ओढून घेऊन त्याला जमिनीवर आपटवायचे तेही होतं, पण आजही मान्हियात निकाल लागला की वहाणा काढल्याचीच बातमी होते. पाय खाली उतरले, पायउतार. शब्दशः!

आणि पुढची मजा कुणीच सांगत नाही. आपल्या बखरींत 'पायउतारा होऊन' येतं तिथे सत्ता जात नाही, तिथे माणूस घोड्यावरून नाहीतर पालखीतून उतरून पायी पुढे जातो, समोरच्या मोठ्या माणसाला मान म्हणून. सत्ता सोडण्याचा अर्थ नंतर चिकटला. आता असांतेंकडे बघा, लहान चीफ असांतेहेनेसमोर येतो तेव्हा आपण होऊन वहाणांतून पाय बाहेर काढतो आणि खांद्यावरचं केंटे, म्हणजे तिथलं विणलेलं वस्त्र, खाली सरकवतो, तो मान. वहाणा दुसऱ्यानं उतरवल्या तर ती शिक्षा. एकाच कृतीत आपल्या शब्दाचे दोन्ही अर्थ! मला तर हे इतकं आवडतं की 'पायउतार हा फक्त वाहनावरून उतरणं, बाकी अर्थ लाक्षणिक' एवढं म्हणून गप्प बसणाऱ्या कोशवाल्यांचा राग येतो. लाक्षणिक कसला, माझं मत विचाराल तर जोडे आणि हुद्दा यांचं नातं आपल्याकडेही होतं, फक्त कुणी बसून शोधलं नाही. पटत नसेल तर पुरावा घेऊन या, नुसतं 'ओढूनताणून' म्हणू नका.

खुद्द असांतेहेनेही पायउतार झालेत बरं का. कोफी कारिकारी 1874 मध्ये, इंग्रजांनी कुमासी जाळल्यावर, आणि त्याच्यानंतरचा मेन्सा बोन्सू 1883 मध्ये. प्रेम्पे पहिला मात्र पायउतार नाही, त्याला 1896 मध्ये इंग्रजांनी उचलून नेलं आणि पुढे सेशेल्सला ठेवलं, 1924 ला परत येऊ दिलं. त्याला पायउतार लिहिणारे चुकतात, तो हद्दपार.

सध्याचे सोळावे, ओटुम्फुओ ओसेई टूटू दुसरे, 26 एप्रिल 1999 पासून गादीवर आहेत. लंडनमध्ये शिकलेले, आणि वारसा आईकडून, कारण राजघराण्यात आईचं कूळ मोजतात, नाव राणीमाता सुचवते. त्यांना पक्षीय राजकारणात पडायला घटनेची मनाई आहे, सैन्य नाही, मग उरलं काय तर भांडणं सोडवणं, आणि ते थोडं नाही. उत्तर घानातल्या दाग्बोनच्या राजाचा 2002 मध्ये खून झाला, 2003 मध्ये नेमलेल्या चीफांच्या समितीचे प्रमुख हेच, आणि नवा राजा बसला 2019 च्या जानेवारीत. दर 42 दिवसांनी रविवारी अक्वासिदाए नावाचा उत्सवी दरबार भरतो तेव्हा छत्र्यांखाली बसून मुजरे घेतात, पण बोलतात ओक्येआमेमार्फत, म्हणजे राजाच्या वतीनं बोलणाऱ्या माणसामार्फत, राजा थेट लोकांशी बोलत नाही. (ओक्येआमेला 'दुभाषा' लिहू नका, दोघंही एकच भाषा बोलतात. 'वाकनीस'ही नको, त्याचं काम वेगळं.)

तर बातमी अशी लिहा, 'असांतेहेनेंनी अमुक चीफना पायउतार केलं'. एनस्टूलला 'गादीवर बसवलं', फक्त असांतेहेनेंच्या बाबतीत 'गादीवर आले', कारण ते बसत नाहीत हे वर सांगितलंच. आणि नावाआधी येणारं 'नाना' मान म्हणून आहे, बायकांनाही लावतात, त्यावरून नाना फडणवीसांपर्यंत कुणी जाऊ नये.