नाही म्हणण्याची ऐपत

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र आणि सोबत जोडलेला कराराचा मसुदा, दोन्ही सावकाश वाचले. रेकॉर्ड कंपनी तुमच्या बँडला आगाऊ रक्कम द्यायला तयार आहे, तुमच्यापैकी दोघांना ताबडतोब सही करावीशी वाटते, ड्रमर अडून बसला आहे आणि तू मधल्या मध्ये अडकला आहेस, हे समजले. स्वतंत्र राहून अल्टरनेटिव्ह रॉकचा बँड वर्षानुवर्षे चालवता येतो, की ती कॉलेजच्या दिवसांपुरती हौस असते, असा तुझा सरळ प्रश्न आहे. चालवता येतो, असे माझे ठाम मत आहे. मात्र तो कशावर चालतो हे गाण्यांपेक्षा हिशेबाच्या वहीत अधिक स्पष्ट दिसते, म्हणून आज सुरांबद्दल फारसे न लिहिता वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडच्या व्यवहाराबद्दल लिहितो. त्यांची गाणी तू माझ्यापेक्षा जास्त ऐकली आहेस. त्यांचा संसार कसा चालला, हे मात्र तुमच्या पिढीपर्यंत फारसे पोहोचलेले दिसत नाही.

त्या संसाराची सुरुवात फुगाझीच्या सात वर्षे आधी झाली. १९८० साली टीन आयडल्स नावाचा कोवळ्या मुलांचा बँड जेमतेम वर्षभर वाजवून मोडला, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे सहाशे डॉलर शिल्लक होते, कारण कार्यक्रमांतून आलेला पैसा कोणी वाटून घेतलाच नव्हता. वाटला असता तर चौघांच्या हाती प्रत्येकी दीडशे आले असते आणि संपले असते. त्यांनी त्यातून आपल्या गाण्यांची सात इंची रेकॉर्ड काढली, हजार प्रती काढल्या, आणि त्यासाठी डिस्कॉर्ड हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, सुरू केले. तयार वेष्टणे घेण्याची सोय नव्हती, तेव्हा एका इंग्लिश रेकॉर्डचे वेष्टण चिकटवलेल्या कडांपासून अलगद उकलून ते कागदावर सपाट ठेवले, कडेने पेन्सिल फिरवून आकार आखून घेतला, आणि छापून आणलेले कागद त्या आकारात कात्रीने कापून, दुमडून, डिंकाने चिकटवले. पुढच्या काही रेकॉर्डचेही असेच झाले आणि हाताने चिकटवलेल्या वेष्टणांची संख्या हजारोंवर गेली. डिस्कॉर्ड आजही चालू आहे, आणि त्याने आपल्या बँडांशी कधी लेखी करार केला नाही. खर्च वजा जाता उरलेला नफा लेबल आणि बँड यांनी वाटून घ्यायचा, एवढाच तोंडी व्यवहार.

टीन आयडल्समध्ये बेस वाजवणारा इयन मॅकाय पुढे मायनर थ्रेट या बँडमुळे नावारूपाला आला आणि १९८७ मध्ये जो लॅली व ब्रेंडन कँटी यांच्यासह त्याने फुगाझी उभा केला. गी पिचोटो थोड्या काळाने त्यांना येऊन मिळाला. ३ सप्टेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला शेवटचा, आणि मधल्या पंधरा वर्षांत त्यांनी हजाराहून अधिक कार्यक्रम केले. तिकीट बहुतेक ठिकाणी पाच डॉलर, आणि प्रवेशाला वयाची अट नाही. टी-शर्ट विकले नाहीत. रेकॉर्डच्या वेष्टणावर पोस्टखर्चासह किंमत छापलेली असे, म्हणजे मधल्या कोणाला ती फुगवता येऊ नये. मॅनेजर नव्हता, कार्यक्रम ठरवण्याचे काम मॅकाय स्वतः फोनवर बसून करत असे.

हे सारे पाहून लोक त्यांना साधुसंत ठरवतात आणि तिथेच त्यांच्यापासून शिकणे थांबते. मला यात वैराग्य अजिबात दिसत नाही. मला दिसतो तो चोख हिशेब. मॅनेजर नाही म्हणजे त्याची टक्केवारी नाही, एजंट नाही म्हणजे त्याचीही नाही. सोबत माणसे मोजकी, सुरुवातीच्या दौऱ्यांत मुक्काम ओळखीच्या लोकांच्या घरी, आणि त्यामुळे पाच डॉलरच्या तिकिटातही गाडीचे पेट्रोल निघून चौघांना पैसे उरत. तिकीट स्वस्त म्हणून सभागृह भरे, सभागृह भरे म्हणून आयोजक त्यांच्या अटी मान्य करत, आणि अटी मान्य होत म्हणून तिकीट स्वस्त राही. हे चक्र एकदा फिरू लागल्यावर बाहेरच्या पैशाची गरजच उरली नाही. तुम्ही मात्र पहिल्याच वर्षी कर्जाने महागडा मिक्सिंग कन्सोल घेऊन बसला आहात आणि त्याचा हप्ता भरण्यासाठी कोणाच्याही लग्नाच्या संगीतात वाजवायला निघाला आहात. लग्नात वाजवण्यात मला कमीपणा वाटत नाही, पण कुठे वाजवायचे हे तो हप्ता ठरवतो आहे, हे तुझ्या लक्षात यायला हवे.

त्यांच्या कार्यक्रमांतली एक गोष्ट मला विशेष भावते. त्या काळच्या पंक मैफलींत पुढच्या रांगांमध्ये धक्काबुक्की आणि मारामारी सर्रास चाले. असे कोणी करू लागले की फुगाझी गाणे मध्येच थांबवत, त्या माणसाला उद्देशून शांतपणे बोलत, आणि तरीही तो ऐकेना तर त्याला बाहेर काढून त्याचे पाच डॉलर पाकिटात घालून परत देत. प्रेक्षकाला पैसे परत करून जा म्हणण्याचा अधिकार त्यांच्याकडे राहिला, कारण दारावरचा दर त्यांनी स्वतः ठरवलेला होता. प्रायोजकाच्या झेंड्याखाली उभा असलेला बँड असे करू शकेल का, याचा विचार कर.

आता तुझ्या करारातल्या आगाऊ रकमेकडे येतो. स्टीव्ह अल्बिनी या शिकागोच्या ध्वनिमुद्रकाने १९९३ मध्ये बॅफलर या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि त्यात अडीच लाख डॉलरची आगाऊ रक्कम मिळालेल्या एका काल्पनिक बँडचा ताळेबंद ओळीओळीने मांडला. निर्माता, मॅनेजर, वकील, एजंट, स्टुडिओ, दौऱ्याची बस असे एकेक वजा होत गेल्यावर कंपनीला ७,१०,००० डॉलर सुटतात आणि बँडमधल्या प्रत्येकाच्या पदरात ४,०३१ डॉलर २५ सेंट पडतात. वर रॉयल्टीच्या खात्यात बँड कंपनीला देणे लागतोच. आगाऊ रक्कम बक्षीस नसते, ती तुमच्याच पुढच्या कमाईतून वसूल होणारी उचल असते. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम उचल देतो, तेव्हा हंगामभर कोणाचा कोयता कोणाच्या फडात चालणार हे त्याच दिवशी ठरते. या करारातही तेच आहे. अल्बिनी स्वतः रॉयल्टी घेत नसे, कामाचे ठराविक पैसे घेई. १९९३ मध्येच निर्वाणा या गाजलेल्या बँडच्या अल्बमसाठी त्याने एक लाख डॉलर घेतले आणि विक्रीतला वाटा नाकारला, जो त्या बँडची विक्री पाहता केवढा झाला असता याची कल्पना तू करू शकतोस.

याच अल्बिनीकडे फुगाझीने १९९२ च्या शरद ऋतूत शिकागोला जाऊन नव्या अल्बमची गाणी ध्वनिमुद्रित केली. परत येऊन ऐकल्यावर त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून ते काम बाजूला ठेवून त्यांनी आपल्या नेहमीच्या, आर्लिंग्टनमधल्या इनर इअर स्टुडिओत सगळे पुन्हा केले. मला त्यांच्या कारकिर्दीतला हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो. कोणाला तारखेचे उत्तर द्यायचे नव्हते, म्हणून कानाला न पटलेले काम मोडता आले. तो अल्बम १९९३ मध्ये निघाला आणि बिलबोर्डच्या खपाच्या यादीत गेला. त्याच वर्षी न्यूयॉर्कला अटलांटिक रेकॉर्ड्स या बड्या कंपनीचे अहमद एर्तेगन त्यांना कराराबद्दल भेटायला रंगमंचामागे आले, आणि चौघांनी नम्रपणे नकार दिला. गरजा आधीच भागलेल्या असल्याने तो नकार त्यांना जड गेला नाही.

स्वतंत्र म्हणजे एकटे, असा समज मात्र करून घेऊ नकोस. रेकॉर्डचे उत्पादन आणि वितरण पेलण्यासाठी डिस्कॉर्डने लंडनच्या सदर्न या संस्थेशी, म्हणजे जॉन लोडर यांच्याशी, दीर्घकाळ सहकार्य केले. जे काम दुसरा अधिक चांगले करतो ते त्याला द्यावे, फक्त गाण्यांची मालकी देऊ नये.

इथली परिस्थिती वेगळी आहे आणि ती मला ठाऊक आहे. मुंबई-पुण्यात रॉक वाजवायला मिळते ते मुख्यतः पबमध्ये, जिथली खरी कमाई दारूची असते आणि महाराष्ट्रात बिअरसाठी २१ व कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट असल्याने तुमचे सर्वांत उत्कट श्रोते, म्हणजे सतरा-अठरा वर्षांची मुले, दाराबाहेरच राहतात. १९८६ पासून मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव होत असे, तेव्हा ही मुले आत असत. शांतता क्षेत्राच्या नियमांनी ते उघडे रंगमंदिर संगीताला बंद झाले आणि त्याची जागा कशानेच भरून निघाली नाही. पण जागा शोधण्याचे शहाणपण आपल्याकडे रॉकच्या कितीतरी आधीपासून आहे. आविष्कार या नाट्यसंस्थेने १९७४ मध्ये दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह घेतले आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीची एक अख्खी पिढी तिथे घडली. ना वातानुकूलन, ना मऊ खुर्च्या, पण भाडे परवडणारे आणि तारखा आपल्या हातात. विल्सन सेंटर वॉशिंग्टनच्या मुलांसाठी जे होते तेच छबिलदास नाटकवाल्यांसाठी होते. तुम्हीही शाळेचे सभागृह, ग्रंथालयाची वरची खोली, नाटकवाल्यांचे छोटे रंगमंच यांची यादी करा, आवाज शेजाऱ्यांना सोसवेल इतकाच ठेवा, रात्री दहाच्या आत आवरा, आणि तिकीट मुलांच्या खिशाला परवडेल इतके ठेवा. ध्वनिव्यवस्थेच्या कामात आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो की दीडशे माणसांच्या खोलीत ड्रमला माइक लागतच नाहीत; गायकाचा आवाज तेवढा ड्रमच्या वर आणा आणि गिटारचे अँप त्या मापाने खाली ठेवा, म्हणजे भाड्याचे निम्मे सामान वाचेल.

चौघांतल्या मतभेदाबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. फुगाझीत निर्णय सर्वांच्या संमतीने होत, एकाचाही विरोध असला तर ती गोष्ट होत नसे. तुमचा ड्रमर अडून बसला आहे म्हणून तुम्ही त्याच्यावर चिडला आहात. मला तर तुमच्यात तोच एक करार वाचणारा दिसतो. आणि गाण्यांच्या श्रेयाचा प्रश्न आजच मिटवा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, आणि तालमीत चौघांनी मिळून घडलेल्या गाण्याचे काय, हे प्रत्येक गाण्यापुढे लिहून चौघांनी सही करा. पैसा नसताना ही वाटणी पाच मिनिटांत होते, आल्यावर वकील लागतात. बँडचे नाव कोणाचे, कोणी सोडून गेला तर त्याचे काय, हेही त्याच कागदावर लिहा.

मसुद्यात तीन ठिकाणी मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. पहिली खूण मुदतीच्या कलमापाशी आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर भारतापुरते, परंतु तुमच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगात’ असे मुद्दाम लिहिलेले आहे. दुसरी खूण रॉयल्टी सोडून देण्याच्या वाक्याला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रिकेतल्या गीत-संगीताच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा सहीनिशीसुद्धा सोडता येत नाही. तो फक्त कायदेशीर वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडे जाऊ शकतो. जी कंपनी हे ठाऊक असूनही तसे वाक्य घालते तिच्या इतर वाक्यांकडेही संशयाने पाहावे. तिसरी खूण पुढच्या अल्बमांवरच्या हक्काला आहे. ते कलम काढायला ते तयार नसतील तर बोलणे तिथेच थांबवा. सही करा अथवा करू नका, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्यत्व मात्र तू आणि चाल करणारा, दोघांनीही घ्या.

नोकरी सोडू का, असेही तू विचारले आहेस. सध्या सोडू नकोस. नोकरीमुळे संगीत पातळ होते असे मला वाटत नाही. भाड्याच्या चिंतेने ते नक्की पातळ होते. बँडचे उत्पन्न सलग दोन वर्षे तुझ्या घरखर्चाला पुरले, तर पुन्हा लिही.

शेवटी एक काम सांगतो, जे तुम्ही करत नाही आणि आजपासून करावे. फुगाझीने आपले बहुसंख्य कार्यक्रम आधी कॅसेटवर आणि पुढे डिजिटल टेपवर मुद्रित करून ठेवले होते. बँड थांबल्यानंतर, २०११ मध्ये, त्यातली आठशेच्या घरातली मुद्रणे क्रमाक्रमाने लोकांसाठी खुली होऊ लागली, प्रत्येकी पाच डॉलर सुचवलेले, पण घेणाऱ्याने एकापासून शंभरापर्यंत मनाला येईल ते द्यावे. जिथे उपलब्ध आहे तिथे त्या रात्रीचे तिकीट, उपस्थिती, जाहिरातीचे पत्रक, छायाचित्र हेही जोडलेले आहे. हे शक्य झाले ते कोणीतरी प्रत्येक टेपवर तारीख आणि गाव लिहिले होते म्हणून. तुमच्या येत्या कार्यक्रमापासून मिक्सरमधून थेट स्टीरिओ मुद्रण घ्या, सोबत खोलीतला आवाज टिपणारा एक वेगळा माइक लावा, आणि फाइलच्या नावात तारीख, जागा व गाण्यांचा क्रम लिहा. मूळ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक ड्रमरच्या घरी.

तुझा स्नेही