एकाच वर्गात भागाकार न येणारी आणि स्कॉलरशिपची गणितं सोडवणारी मुलं असतील, तर गणित कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की सातवीच्या वर्गात 52 मुलं आहेत. त्यातल्या दहा-बाराजणांना तीन अंकी भागाकार जमत नाही, सात-आठजण तुमचं फळ्यावर लिहून व्हायच्या आत उत्तर सांगून मोकळे होतात आणि मधली सगळी गप्प बसतात. 35 मिनिटांच्या तासात कोणाकडे बघायचं, हा तुमचा प्रश्न.

मी नाशिकमध्ये 17 वर्षं सहावी ते आठवीला गणित शिकवते. शाळा सातपूरच्या कामगार वस्तीजवळ आहे. आमच्या एका बाकावर क्लासला जाणारी मुलगी असते आणि तिच्या शेजारी वडिलांची शिफ्ट बदलली की दोन दिवस गायब होणारा मुलगा. म्हणून आधी माझी चूक सांगते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मी वर्गाच्या तीन रांगा केल्या होत्या. मनात नावंही ठेवली होती, हुशार, मध्यम आणि कच्ची. मुलांना कधी सांगितली नव्हती, पण त्यांना चार दिवसांत कळली. मग एका मुलीची आई शाळेत आली, ओरडली वगैरे नाही, एवढंच विचारलं, ‘मॅडम, माझी पोरगी ढ रांगेत का बसते?’ त्याच मुलीला भूमितीत बहुतेकांपेक्षा जास्त कळत होतं, फक्त अपूर्णांकात ती अडकत होती. त्या दिवसापासून कायमचे गट बंद.

आता मुलांचे नाही, चुकांचे गट करते. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात अर्ध्या पानाची चिठ्ठी देते, त्यात आठच प्रश्न. गुण नाहीत, नाव मागच्या बाजूला. त्यातले चार तुम्हाला देते: 5003 − 1647, 612 ÷ 6, 0.5 आणि 0.35 यांत मोठी संख्या कोणती, आणि 1/2 + 1/3. उत्तर बरोबर की चूक यापेक्षा चूक कोणती आहे ते बघा. 612 ला 6 ने भागून 12 लिहिणाऱ्याला भागाकार येतो, मधला शून्य त्याच्या हातून सुटतो. 0.35 मोठं म्हणणारा पस्तीस आणि पाच यांची तुलना करतोय. 2/5 लिहिणारा वर-खाली सरळ बेरीज करतोय. तिघांनाही आपण ‘गणितात कच्चा’ म्हणतो, पण तिघांचं औषध वेगळं आहे. काही मुलं तर आकडे ऐकून लिहितानाच घसरतात. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो म्हणून 52 लिहितात, एकोणसाठ म्हटलं की 69. (2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आणलं तेव्हा केवढी टिंगल झाली! बदल कसाही असो, अडचण खरी आहे हे वर्गात उभं राहणाऱ्याला माहीत असतं.)

शुक्रवारी तासातली दहा मिनिटं ठेवलेली असतात. त्या आठवड्यात ज्यांचा एकच काटा रुतलाय अशी चार-पाच मुलं माझ्या टेबलाभोवती येतात. बाकीचे वहीतलं काम करतात. पुढच्या शुक्रवारी मुलं बदलतात, आणि वर्षभरात स्कॉलरशिपवाली मुलंही एकदा तरी येतातच. त्यामुळे टेबलाशी जायला कोणाला लाज वाटत नाही.

मात्र खरा फरक पडतो तो तासातल्या मुख्य गणिताने. तीन पातळ्यांचे तीन कागद करण्यात मी एक वर्ष घालवलं. रात्री अकरापर्यंत झेरॉक्सची तयारी, आणि सोपा कागद मिळालेल्या मुलाचा उतरलेला चेहरा. आता मी एकच गणित देते, पण असं की त्याच्या पहिल्या पायरीवर सगळ्यांना पाय ठेवता येईल आणि वरची पायरी लवकर संपणार नाही. उदाहरणार्थ, ‘परिमिती 24 असलेले आयत काढा.’ कोणी चौकटीच्या वहीत दोनच आयत काढतो आणि चौकटी मोजतो. कोणी 1 × 11 पासून 6 × 6 पर्यंत पूर्ण संख्यांचे सगळे सहा मांडतो. मग मी विचारते, द्राक्षबागेला 24 मीटरच तार असेल तर कुठल्या आकारात जास्त जागा मिळेल? क्षेत्रफळं 11, 20, 27, 32, 35, 36 अशी वाढताना दिसली की पुढची पोरं स्वतःच विचारतात, बाजू साडेसहा घेतली तर?

माझं सगळ्यात आवडतं गणित आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं आहे. द. रा. कापरेकर तिथे शाळेत गणित शिकवायचे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. 3524 घेतली तर 5432 − 2345 = 3087, मग 8730 − 0378 = 8352, मग 8532 − 2358 = 6174. आणि तिथेच थांबतं, कारण 7641 − 1467 पुन्हा 6174. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथेच येते. हे त्यांनी 1949 मध्ये मांडलं.

ज्याला हातच्याची वजाबाकी जमत नाही त्याला मी वीस वजाबाक्यांचा कागद दिला तर तो तीन करून डोकं खाली घालतो. इथे तो न कंटाळता पंधरा करतो, आणि सात फेऱ्यांत 6174 आलं नाही तर चूक शोधायला स्वतःच मागे जातो. एक खबरदारी घ्या. 2111 घेतली की 2111 − 1112 = 999 येतं. मुलं पुढे 999 − 999 करतात आणि शून्यावर अडकतात. तिथे 0999 लिहायचं असतं. स्थानिक किंमत शिकवायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

वर्गातल्या वेगवान मुलांना त्याच तासात तीन अंकी संख्या द्या. ती 495 वर थांबते. मग ‘का’ विचारा. आठवीची मुलं उतरत्या अंकांची संख्या 100a + 10b + c अशी मांडून, वजाबाकी 99(a − c) येते, म्हणून मधला अंक कायम 9, इथपर्यंत पोचतात. त्यांना तीच गणितं आणखी दहा देऊ नका. आणि ‘तुझं झालं ना, मग याला शिकव’ असं रोज म्हणू नका. कधीतरी ठीक आहे, पण ते शिकायला आलेत, तुमचे मदतनीस म्हणून नाही.

पाढ्यांबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. सातचा पाढा येत नाही म्हणून सातवीतल्या मुलाला समीकरणापासून लांब ठेवू नका. पाढ्यांचा तक्ता बाकावर राहू दे. पाठांतर चालू ठेवा, पण तासातलं गणित त्याच्यासाठी अडवू नका.

परीक्षेचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पेपर सगळ्यांना एकच असतो आणि पोर्शन संपवावाच लागतो. मी फक्त गृहपाठात तीन गणितं देऊन कुठलीही दोन निवडायला सांगते, आणि तास संपताना एका प्रश्नाची चिठ्ठी घेते. स्टाफरूममध्ये चहा होईपर्यंत त्यांचे तीन ढीग होतात, उद्या कुठून सुरू करायचं ते कळतं.

मागच्या वर्षी याच तासाला एका मुलाला चार अंकी जमेना, तेव्हा त्याने माझ्या नकळत दोन अंकी संख्या घेतली. थोड्या वेळाने वही घेऊन आला. ‘मॅडम, माझं थांबतच नाही, गोल फिरतंय.’ वहीत लिहिलं होतं 81, 63, 27, 45, 9, 81. तास संपेपर्यंत स्कॉलरशिपवाली मुलं त्याच्या बाकाभोवती होती.