पहिल्या खेपेला कॅमेरा पिशवीतच राहू दे

तू काढलेली स्थलांतरित मजुरांची छायाचित्रं पाहिली. उजेडाची समज आहे तुला, पण बहुतेक चेहऱ्यांवर एकच भाव आहे: हे कोण, आणि फोटो कशाला? लेन्स बदलून तो जायचा नाही. पुन्हा पुन्हा गेल्यानेच जाईल.

परवानगीचं आधी बघ. मुकादम देतो ती फक्त कामाच्या जागेवर शिरायची परवानगी. त्याच्यासमोर मजुराला 'नको' म्हणताच येत नाही, म्हणून विचारायचं ते पाळी सुटल्यावर, एकट्याला, त्याच्या भाषेत. दुभाषा मुकादमाचा माणूस नसावा. घरातलं लहान मूलही नको, अवघड प्रश्न ते गाळून टाकतं. फोटो कुठे छापणार, नाव देणार का, नंतर नको वाटलं तर काय, हे तिन्ही आधीच सांग. ज्याची कागदपत्रं पुरी नाहीत, त्याचा नुसता चेहरा झाकून भागत नाही. गळ्यातलं ओळखपत्र, दारावरचा नंबर, खिडकीबाहेरची पाटी, एवढ्यावरूनही माणूस सापडतो. फाइलमध्ये आपोआप नोंदलेलं लोकेशनही कुणाला फाइल देण्याआधी पुसून टाक.

दाटीच्या खोलीत ३५ मिमीची लेन्स पुरते. दीड मीटरवर थांब, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६ ठेव, म्हणजे चेहरा आणि मांडीवरचे हात दोन्ही स्पष्ट येतील. माणूस चौकटीच्या कडेला नको, तिथे चेहरा ताणला जातो. तुझ्या चित्रांतले आडवे पट्टे दिव्यांमुळे आले आहेत. ५० हर्ट्‌झच्या विजेवर साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते, त्यामुळे वेगवान शटरला पट्टे दिसतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेव; ६० हर्ट्‌झच्या देशात १/१२० च्या जवळचा वेग किंवा १/६०. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० पर्यंत न्यावा लागला तरी बिघडत नाही. चित्र दाणेदार चालेल, हललेलं नाही.

'स्थलांतरित मजूर' ही कॅप्शन मला फार खटकली, त्यातून त्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइन १९०८ पासून अमेरिकेतल्या बालमजुरांचे फोटो काढत होते. मुलांची उंची ते आपल्या जाकिटाच्या बटणांवरून मोजत आणि खिशातल्या हाताने नोंदी करत. त्या नोंदींमुळे त्यांचं चित्र पुरावा म्हणून उभं राहिलं. तूही काम कोणतं, तास किती, शहरात येऊन किती वर्षं झाली, खोलीत किती जण राहतात, हे त्याच संध्याकाळी लिही आणि त्या माणसाला वाचून दाखव. नावाचं स्पेलिंग त्यालाच विचार.

पुढच्या खेपेला ४ × ६ इंचाची प्रिंट घेऊन जा. ती हातात पडली की पुष्कळ जण म्हणतात, घरी पाठवायला चांगल्या कपड्यांतला एक काढा. तो आनंदाने काढ, आणि घाई करू नको. इस्त्रीचा सदरा घालून, सिमेंटने चिरलेल्या बोटांनी मनगटाचं बटण लावताना तो मान खाली घालेल. तेव्हा कॅमेरा डोळ्याला लावलेला असू दे.