क्रूझ कंट्रोल दुरुस्त झाला, पण खात्री कशी करू?

प्रश्न : क्रूझ कंट्रोल (ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग राखणारी सोय) लागत नव्हता, म्हणून ब्रेक पेडलचा स्विच बदलून घेतला. मेकॅनिक म्हणाले, "झालं काम." मी स्वतः काय तपासावं?

उत्तर : आधी गाडी उभी असतानाच ब्रेक हलकेच दाबा आणि कुणाला तरी मागचे दिवे बघायला सांगा. पाय उचलल्यावर दिवे लगेच विझले पाहिजेत. तो स्विच किंचित जरी वर-खाली बसला, तरी पाय नसताना ब्रेक लागलाय असं गाडीला वाटू शकतं आणि मग क्रूझ लागतच नाही.

मग कोरडा, सरळ, मोकळा रस्ता गाठा. बऱ्याच गाड्यांत साधारण ताशी ४० किलोमीटरच्या खाली क्रूझ लागत नाही, तेव्हा लगेच मेकॅनिकला फोन लावू नका! साठला 'सेट' करा, पाय ब्रेकजवळच असू द्या. माझ्या मते खरी परीक्षा क्रूझ लागण्याची नाही, सुटण्याची : ब्रेक पेडल हलकेच दाबताच तो सुटायला हवा. क्लचची गाडी असेल तर क्लचनेही. 'रिझ्यूम' दाबल्यावर पुन्हा साठवर आला की ठीक. चढावर वेग थोडा पडला तर चालतं. ब्रेक दाबूनही क्रूझ सुटला नाही, तर क्रूझचं मुख्य बटण बंद करा आणि गाडी परत द्या.