चिन्ह उलटतं ते का?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. समीकरणं पटापट सोडवते, पण −२क्ष > ६ असं आलं की उत्तर हमखास क्ष > −३ लिहिते. ‘ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं’ हे तोंडपाठ आहे, तरी विसरते. काय करावं? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, तोंडपाठ आहे म्हणूनच विसरते! सदाशिव पेठेत मी तीस वर्षं शिकवण्या घेतल्या, पण हा नियम कुणाला पाठ करू दिला नाही. वाण्याची वही आठवा. खिशात ५ रुपये असलेला २ रुपयेवाल्यापेक्षा श्रीमंत. तेच आकडे उधारीच्या पानावर गेले की ५ वाला जास्त कडका. म्हणजे ५ > २, पण −५ < −२. उलटापालट ती एवढीच.

तरी घोळ होत असेल तर ऋण संख्येने भागूच नका. दोन्ही बाजूंत २क्ष मिळवा : ० > ६ + २क्ष. मग −६ > २क्ष, म्हणून −३ > क्ष. चिन्हाला हातसुद्धा लावला नाही.

आणि उत्तर आलं की एक संख्या घालून बघायची. तिच्या उत्तरात ० बसतो. मूळ गणितात घातला तर ० > ६, साफ खोटं. −४ घाला : ८ > ६, जमलं. एवढी तपासणी मुलं करत नाहीत. शिकवणीतही घाईच असते, माझ्याकडेही असायची.

बहुपदींचं पुन्हा कधी विचारा. तिथे कंसाआधीच्या वजा चिन्हाची रड वेगळीच आहे.