माणूसघाणी मुलगी ढोल वाजवते

"मॅडम, ही पार माणूसघाणी झालीये हो. पाहुणे आले की दार लावून बसते. पुढे नोकरीत कसं व्हायचं हिचं?" कोथरूडहून आलेल्या आईंनी खुर्चीवर टेकायच्या आतच सुरुवात केली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) सतरा वर्षांची लेक शेजारी गप्प. तिला विचारलेल्या पहिल्या चार प्रश्नांची उत्तरंही आईंनीच दिली.

मुलीच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती.

"ढोल?"

ती पहिल्यांदाच हसली. "हो. नदीपात्रात सराव चालू आहे."

शंभरेक वादकांच्या दणदणाटात रोज संध्याकाळी उभी राहणारी मुलगी माणसांना घाबरते, हे काही मला पटेना. आईंना बाहेर बसवलं आणि विचारलं, पाहुणे येणार म्हटलं की छातीत धडधडतं? आदल्या रात्री झोप उडते?

"छे! पण तेच तेच हो. किती टक्के, पुढे काय करणार. डोकं जड होतं. पथकात कुणी काही विचारत नाही, नुसतं वाजवायचं."

बहुतेक पालकांची गल्लत होते ती इथे. भीती वाटणारा माणूस हवीहवीशी गोष्टही टाळतो, मैत्रिणीचा वाढदिवससुद्धा. त्याला मदत लागते. अंतर्मुख माणूस घाबरत नाही, थकतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख असा भेद मांडला तो मनाचा ओढा आत की बाहेर यावरून, कोण किती बोलतं यावरून नव्हे. नंतरचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांच्या मते अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो, म्हणून गडबड त्यांना लवकर पुरे होते. (पुढच्या संशोधनात चित्र इतकं सरळ राहिलं नाही, ते असो.) आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, उभयमुखी. ही मुलगीही मला त्यातलीच वाटली. तिला मात्र तसं सांगितलं नाही. या वयात शब्द मिळाला की मुलं त्यालाच चिकटतात.

आई अस्सल बहिर्मुख. भाजी आणायला गेल्या तरी दोन ओळखी करून येणाऱ्या. त्यांना एवढंच सुचवलं: तिने यावं, पाणी द्यावं, पंधरा मिनिटं बसावं, मग उठली तर हाक मारायची नाही.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. भाच्याच्या लग्नात लेक मधेच गच्चीवर जाऊन बसली होती. "मी नाही हं बोलावलं," त्या म्हणाल्या. "पंगत बसल्यावर आपणहून खाली आली. जिलबी वाढत होती."